माजी सैनिकाची घरी काळजी घेणाऱ्यांसाठी: व्हीएची मदत आणि ट्रेनिंग यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केलेला नवरा, बायको, मुलगा, मुलगी किंवा भाऊ जायबंदी होऊन घरी आला आहे आणि त्याचं सगळं घरातलंच कुणीतरी करतं आहे, अशा मराठी घरांसाठी हे पान लिहिलं आहे. माझा नवरा मेडिकल डिस्चार्ज घेऊन घरी आला तेव्हा त्याच्या मेंदूला मार बसलेला होता आणि डाव्या हातापायातली ताकद गेली होती. व्हेटरन्स अफेअर्स खातं, म्हणजे ज्याला इथे सगळे व्हीए म्हणतात, ते माझ्यासाठीसुद्धा काही करतं हे मला बऱ्याच उशिरा कळलं. त्यानंतर ओळखीच्या, अनोळखी बऱ्याच जणींनी फोन करून तेच तेच प्रश्न विचारले. त्यांची उत्तरं एका जागी असावीत, म्हणून हा खटाटोप.

मी बायको आहे. मला केअरगिव्हर कशाला म्हणायचं?

कारण फॉर्मवर "बायको" या शब्दाला काही मिळत नाही, "केअरगिव्हर"ला मिळतं. त्याला आंघोळ घालणं, औषधं वेळेवर देणं, दवाखान्याच्या तारखा सांभाळणं, रात्री दचकून उठला की शांत करणं, यातलं काहीही तुम्ही रोज करत असाल तर तुम्ही केअरगिव्हर आहात. रँड या संशोधन संस्थेने २०१४ मध्ये अंदाज काढला होता की अमेरिकेत आजी-माजी सैनिकांची अशी काळजी घेणारे ५५ लाख लोक आहेत. त्यातल्या कितीतरी जणांनी स्वतःला हा शब्द कधी लावलेलाच नसतो. आपल्या घरांत तर नाहीच. "करते मी त्याचं" एवढंच आपण म्हणतो, आणि त्या "करते"मध्ये दिवसाचे किती तास जातात हे कुणी मोजत नाही. पुढे जे काही सांगणार आहे त्याचं मूळ या मोजण्यात आहे.

व्हीएच्या दोन योजना आहेत असं ऐकलं. फरक काय?

एक सर्वांसाठी खुली आहे आणि एक जास्त गंभीर परिस्थितीसाठी.

पहिली जनरल केअरगिव्हर सपोर्ट सर्व्हिसेस, थोडक्यात पीजीसीएसएस. माजी सैनिक व्हीएच्या आरोग्यसेवेत नोंदलेला असला आणि त्याला कुणाची तरी मदत लागत असली की पुरे. अपंगत्वाच्या टक्क्यांची अट नाही, काळजी घेणारा नात्यातलाच हवा असंही नाही. यात ट्रेनिंग, कोचिंग, सपोर्ट ग्रुप, अनुभवी केअरगिव्हरशी जोडून देणं अशा गोष्टी मिळतात. दरमहा पैसे मिळत नाहीत.

दुसरी कॉम्प्रिहेन्सिव्ह असिस्टन्स फॉर फॅमिली केअरगिव्हर्स, म्हणजे पीसीएएफसी. दरमहा स्टायपेंड मिळतो तो यात. २०१० च्या कायद्याने ही सुरू झाली तेव्हा फक्त ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या सेवेत जखमी झालेल्यांसाठी होती. व्हिएतनामहून आलेल्या नवऱ्याचं चाळीस चाळीस वर्षं करणाऱ्या बायकांना त्यात जागा नव्हती. २०१८ च्या मिशन ॲक्टने ती दारं उघडली: १ ऑक्टोबर २०२० पासून ७ मे १९७५ किंवा त्याआधीच्या सेवेतल्यांसाठी आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून सगळ्याच काळातल्यांसाठी. म्हणून "आम्ही पूर्वी विचारलं होतं, नाही म्हणाले" असं असेल तर परत विचारा.

पीसीएएफसीसाठी माजी सैनिकाच्या बाजूने काय लागतं?

व्हीएने दिलेलं सेवेशी निगडित अपंगत्व एकट्या दुखण्याचं किंवा सगळी धरून ७० टक्के किंवा जास्त हवं. निदान सहा महिने सलग, प्रत्यक्ष समोर राहून करायची काळजी लागत असली पाहिजे. ती काळजी घरी मिळत असली पाहिजे आणि त्याचं उपचाराचं काम व्हीएच्या डॉक्टरांच्या टीमकडे चालू राहायला हवं. तुम्ही करणार तीच कामं दुसरी संस्था किंवा माणूस नियमित करत असेल तर मात्र अडचण येते.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. ७० टक्के ज्या दुखण्याचे आहेत त्याच दुखण्यामुळे मदत लागली पाहिजे अशी अट नाही. पाठ आणि कान यांचे मिळून ७० टक्के असतील आणि आज मदत लागते ती पार्किन्सनमुळे, तरी अर्ज करता येतो.

त्याला चालता येतं, जेवता येतं. मी फक्त लक्ष ठेवते. हे मोजतात का?

मोजतात, आणि नेमकं इथेच आपण कमी पडतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

काळजीची गरज दोन वाटांनी ठरते. एक वाट शरीराची: कपडे घालणं, आंघोळ, दाढी-केस, संडास-बाथरूम, हाताचा ताबा नसल्याने भरवावं लागणं, कृत्रिम अवयव किंवा ब्रेस नीट बसवणं, आणि हालचाल, म्हणजे चालणं, जिना, पलंगावरून खुर्चीत जाणं. यातलं एखादं जरी त्याला स्वतःचं स्वतः जमत नसेल आणि दर वेळी हात द्यावा लागत असेल तर ते धरलं जातं. "कधीमधी" चालत नाही.

दुसरी वाट लक्ष ठेवण्याची, सांभाळण्याची आणि सांगत राहण्याची. मेंदूला मार बसलेला, पीटीएसडी (भयंकर अनुभवानंतर मनावर राहणारा आघात) असलेला किंवा स्मृतिभ्रंश झालेला माणूस बाहेरून धडधाकट दिसतो. गॅस चालू ठेवून अंगणात जातो. औषध घेतलं की नाही आठवत नाही म्हणून परत घेतो. माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी देते: "पहाटे ३.१०. उठून पुढचं दार, मागचं दार, खिडक्या तपासल्या. दुसऱ्यांदा तपासायला निघाला तेव्हा मी उठले. झोपवायला ४० मिनिटं." तोवर हे मला काम वाटतच नव्हतं, झोपमोड वाटायची. तुम्ही घरात नसता तर त्या रात्री काय झालं असतं, हा प्रश्न स्वतःला विचारा. जे उत्तर येईल तीच तुमची काळजी.

काळजी घेणारा कोण असू शकतो?

वय १८ पूर्ण हवं. नवरा, बायको, आई-वडील, मुलगा, मुलगी, सावत्र नात्यातलं किंवा विस्तारित कुटुंबातलं माणूस चालतं. नात्यातलं नसेल तर त्याच्यासोबत कायम राहणारं किंवा राहायला तयार असलेलं हवं. एक मुख्य केअरगिव्हर आणि दोनपर्यंत दुय्यम नेमता येतात. दुय्यमला स्टायपेंड नाही, पण ट्रेनिंग आणि समुपदेशन मिळतं. मोठा मुलगा किंवा दीर असेल तर त्याचं नाव दुय्यम म्हणून जरूर घाला. तुम्ही तापाने पडलात तर शिकलेला दुसरा माणूस घरात असतो.

पैसे किती मिळतात?

रक्कम सगळीकडे सारखी नसते. अमेरिकी सरकारी नोकरांच्या वेतनश्रेणीतली जीएस-४, पायरी १ धरतात, तुमच्या भागाला लागू असलेल्या दराने. वर्षाच्या त्या पगाराला १२ ने भागायचं. पहिल्या पातळीला त्याचे ६२.५ टक्के आणि दुसऱ्या पातळीला पूर्ण १०० टक्के. शरीराच्या त्या सात कामांपैकी तीन किंवा जास्त कामांत जो पूर्णपणे दुसऱ्यावर अवलंबून आहे, किंवा ज्याच्यावर अखंड लक्ष ठेवावं लागतं, त्याच्या केअरगिव्हरला दुसरी पातळी मिळते. त्यामुळे महागड्या शहरात आणि लहान गावात आकडा वेगळा येतो, आणि सरकारी वेतन वाढलं की तोही बदलतो.

यावर इन्कम टॅक्स नाही. हा पगारही नाही, म्हणजे तुम्ही व्हीएचे नोकर होत नाही. आणि माजी सैनिकाच्या अपंगत्वाच्या भरपाईतून यासाठी एक डॉलरही कापला जात नाही. ही भीती मी फार घरांत पाहिली.

आपल्याच माणसाचं करायचे पैसे घ्यायचे? बरं दिसत नाही.

माझ्या आईनेही हेच म्हटलं होतं, आणि तिचं मन मला कळतं. आपल्याकडे आजारी माणसाचं करणं ही सेवा मानतात आणि सेवेचा हिशोब मांडायचा नाही असं लहानपणापासून कानावर पडलेलं असतं.

मी तिला एवढंच सांगितलं: मी नोकरी सोडली, त्यासोबत माझा विमा गेला, सोशल सिक्युरिटीत माझ्या नावावर साठणारी वर्षं थांबली. माझी पाठ धरली. हे सगळं त्याच्या जखमेमुळेच घडलं आणि ती जखम त्याला देशाच्या कामावर झाली. त्या देशाने कायदा करून यातला थोडा भार उचलायचं ठरवलं असेल तर तो नाकारून मी कुणाचं भलं करते आहे? पैसे आल्यावर मी त्याचं कमी प्रेमाने केलं नाही. आठवड्यातून दोनदा स्वयंपाकाला बाई ठेवली आणि त्या वेळात झोपले.

स्टायपेंडशिवाय आणखी काय मिळतं?

मुख्य केअरगिव्हरला दुसरा कोणताच आरोग्य विमा नसेल तर चॅम्पव्हीए नावाचं विम्याचं संरक्षण मिळू शकतं. नोकरी सोडलेल्यांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. शिवाय समुपदेशन, वर्षाला निदान ३० दिवसांचा विसावा (त्याबद्दल पुढे), माजी सैनिकाला उपचाराला नेताना प्रवासखर्च, आणि कर्ज, मृत्युपत्र, मुखत्यारपत्र अशा बाबतीत कायदेशीर आणि आर्थिक सल्ला.

ट्रेनिंगमध्ये खरंच काही शिकवतात की नुसती औपचारिकता?

पीसीएएफसीत येण्यासाठी ठरलेला अभ्यासक्रम पूर्ण करावाच लागतो. त्यात घरातली सुरक्षितता, अंगाची स्वच्छता, औषधं, त्याचं बिथरणं किंवा चिडणं कसं हाताळायचं आणि केअरगिव्हरने स्वतःला कसं जपायचं असे विषय असतात. तो ऑनलाइन करता येतो. इंटरनेट जमत नसेल तर छापील पुस्तकावरून करायचीही सोय असते. विचारा.

पण माझ्या मते खरं शिक्षण समोरासमोर होतं, फिजिओथेरपिस्टच्या हाताखाली. मी कित्येक महिने नवऱ्याला काखेत हात घालून उचलत होते. त्याचा खांदा दुखायचा, माझी कंबर. एका दुपारी थेरपिस्टने आम्हाला पलंगावरून व्हीलचेअरमध्ये जायला पुन्हा पहिल्यापासून शिकवलं. खुर्ची त्याच्या धड बाजूला, म्हणजे उजवीकडे, पलंगाला जरा तिरकी लावायची. दोन्ही ब्रेक. पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला. त्याच्या कमरेला रुंद कापडी पट्टा, आणि धरायचं ते त्या पट्ट्याला, हाताला कधीच नाही. त्याला पलंगाच्या कडेला सरकवायचं, दोन्ही पावलं जमिनीला टेकलेली. मग पुढे वाकायला सांगायचं, इतकं की नाक पायाच्या बोटांच्या वर यावं. तिथे पोचलं की वजन आपोआप पुढे येतं. माझे गुडघे वाकलेले, पाठ सरळ, त्याचा कमकुवत गुडघा माझ्या गुडघ्याने अडवलेला. एक, दोन, तीन. तो उठला. मी त्याला उचललं नव्हतं, तो स्वतः उठला होता, आणि ते त्याच्याही लक्षात आलं.

तर तुमच्या घरात जी हालचाल सर्वांत अवघड जाते ती करून दाखवा आणि "मला हे शिकवा" म्हणून मागा. त्वचा तपासणंही मागून शिकून घ्या. फार वेळ एका जागी बसणाऱ्याच्या माकडहाडावर, टाचेवर, कमरेच्या हाडावर लालसर डाग उठतो आणि दाब काढल्यावरही तो जात नाही, तेव्हा ती शय्याव्रणाची सुरुवात असते. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही. तिथली जागा गरम, टणक किंवा वेगळ्या रंगाची लागते का ते हाताने पाहावं लागतं. आपल्यासारख्या रंगाच्या घरांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं.

आणखी कोणती ट्रेनिंग आहेत?

बिल्डिंग बेटर केअरगिव्हर्स ही सहा आठवड्यांची ऑनलाइन कार्यशाळा आहे, ताण आणि वेळेचं नियोजन यासाठी चांगली. रीच व्हीएमध्ये एक प्रशिक्षित कोच तुमच्या एकटीसोबत चार बैठका घेतो, त्याही तुमच्याच घरातल्या अडचणींवर. स्मृतिभ्रंश, मज्जारज्जूची इजा, मल्टिपल स्क्लेरॉसिस, एएलएस (स्नायूंची ताकद हळूहळू जाणारा मज्जातंतूंचा आजार), पीटीएसडी अशा दुखण्यांसाठी ती आहे. पीअर सपोर्ट मेंटरिंगमध्ये आधी या वाटेवरून गेलेली केअरगिव्हर फोनवर सोबत करते. ॲनी नावाची सोय मोबाइलवर छोटे संदेश पाठवते. माझा कल रीचकडे आहे, कारण तिथे दुसऱ्यांच्या कहाण्या ऐकत बसावं लागत नाही. पण एकटेपणाने जीव घुसमटत असेल तर मेंटर आधी मागा.

सासूबाईंना किंवा आईला इंग्रजी जमत नाही. त्या केअरगिव्हर असतील तर?

दुभाषी मागा, आणि पहिल्याच फोनवर मागा. नातवाला मध्ये बसवून आजीच्या तोंडून लघवी-संडासाबद्दल वदवून घेऊ नका. ती लाजेने अर्धं सांगते आणि तो त्यातलंही गाळतो. दुभाषाची वाट पाहताना अभ्यासक्रमातले धडे मुलांनी आजीला संध्याकाळी मराठीत समजावून सांगावेत. आमच्या ओळखीच्या एका घरात तसंच केलं.

अर्ज कसा करायचा?

फॉर्मचा नंबर १०-१०सीजी. माजी सैनिक आणि केअरगिव्हर दोघांनी मिळून करायचा, सह्या दोघांच्या. व्हीएच्या वेबसाइटवर, पोस्टाने किंवा जवळच्या व्हीए मेडिकल सेंटरमधल्या केअरगिव्हर सपोर्ट टीमकडे हातात नेऊन देता येतो. फॉर्म लहान आहे. खरी परीक्षा त्यानंतरच्या मुलाखतींची: त्याची तपासणी, तुमची मुलाखत, घरभेट, तुमचं ट्रेनिंग. निर्णय एक वेगळी केंद्रीय टीम कागद पाहून देते. त्या टीममधल्या कुणी तुमचं घर पाहिलेलं नसतं. कागदावर नसेल ते त्यांच्या लेखी घडलेलंच नसतं.

मुलाखतीत आणि घरभेटीत काय सांगायचं?

आमचा पहिला अर्ज नाकारला गेला, आणि त्यात आमचा हात होता.

पाहुणे येणार म्हटल्यावर आपण जे करतो तेच मी केलं. घर आवरलं, त्याला आंघोळ घालून इस्त्रीचा शर्ट चढवला, चहाचं आधण ठेवलं. कसं चाललंय विचारल्यावर तो म्हणाला, "ठीक आहे, मी मॅनेज करतो." सैन्यातल्या माणसाला दुसरं उत्तर देताच येत नाही. मीही मान हलवली, कारण चारचौघांत नवऱ्याला खोटं कसं पाडायचं? शर्टाची बटणं मी लावली होती हे कुणाला कळलंच नाही.

दुसऱ्या वेळी मी तीन आठवडे वही ठेवली. तारीख, वेळ, काय झालं, मी काय केलं, किती वेळ लागला, मी नसते तर काय झालं असतं. विशेषणं अजिबात नाहीत. "फार त्रास होतो" असं लिहिण्यापेक्षा "बाथरूममध्ये दोनदा तोल गेला, दोन्ही वेळा पट्टा धरला" हे लिहिणं कामाला येतं. आधी नवऱ्याशी बोलून ठेवलं की आज आपण चांगला दिवस नाही, नेहमीचा आणि वाईट दिवस दाखवायचा आहे. आणि त्याच्या डॉक्टरांच्या प्रत्येक भेटीत त्यातल्या दोन-तीन नोंदी सांगून त्या फाइलमध्ये लिहून घेतल्या, कारण निर्णय देणारे तीच फाइल उघडतात. वाढवून सांगू नका. त्याची गरजच पडत नाही, आपण कमी करून सांगतो तेवढं थांबवलं की पुरे.

अर्ज नाकारला तर?

नकाराच्या पत्रात कारण दिलेलं असतं, ते शांतपणे वाचा. २०२१ मधल्या एका न्यायालयीन निकालापासून या निर्णयांविरुद्ध बोर्ड ऑफ व्हेटरन्स अपील्सकडेही जाता येतं. त्याशिवाय नवा पुरावा जोडून सप्लिमेंटल क्लेम, वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरतपासणी, आणि आरोग्य खात्याच्या आतलं क्लिनिकल अपील या वाटा आहेत. फेरतपासणी आणि बोर्डासाठी निर्णयापासून एक वर्षाची मुदत असते. परिस्थिती बदलली असेल तर नवा अर्जही करता येतो. व्हेटरन्स सर्व्हिस ऑर्गनायझेशन, म्हणजे माजी सैनिकांना मदत करणाऱ्या संघटना, यांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी क्लेमच्या कामात फुकट मदत करतात. आधी फी मागणाऱ्यापासून दूर राहा.

७० टक्के नाहीत. मग काहीच नाही का?

पीजीसीएसएस आहेच. शिवाय माजी सैनिकाच्या स्वतःच्या आरोग्यसेवेतून घरी येणारा होम हेल्थ एड, दिवसभराचं ॲडल्ट डे केअर, डॉक्टरांची टीमच घरी येते ती होम बेस्ड प्रायमरी केअर, आणि ठरावीक बजेटमधून आपला मदतनीस आपण निवडायचा ते व्हेटरन डायरेक्टेड केअर, यातलं काय बसतं ते त्याच्या सोशल वर्करला विचारा. व्हीलचेअर, पलंग, लिफ्ट अशी साधनं डॉक्टरांच्या शिफारशीने मिळतात. बाथरूममध्ये बदल किंवा दाराशी उतार करायला हिसा नावाचं अनुदान आहे: सेवेशी निगडित दुखण्यासाठी आयुष्यभरात ६,८०० डॉलरपर्यंत, इतरांसाठी २,००० डॉलरपर्यंत. एड अँड अटेंडन्स हा भत्ता या सगळ्याहून वेगळा आहे आणि तो माजी सैनिकाला मिळतो. तो घेतला म्हणून पीसीएएफसीचा हक्क जात नाही.

वर्षाला ३० दिवसांचा विसावा म्हणजे नक्की काय?

तुमच्या जागी दुसऱ्याने काळजी घ्यायची आणि तुम्ही मोकळं व्हायचं. माणूस घरी येतो, किंवा माजी सैनिक डे केअरला जातो, किंवा काही दिवस व्हीएच्या निवासी केंद्रात राहतो. घ्या. "त्याला परक्याच्या हवाली कसं करू" हे मला माहीत आहे, म्हणून सुरुवात चार तासांपासून करा आणि पहिल्या वेळी घरातच दुसऱ्या खोलीत झोपा. आलेल्या माणसासाठी भिंतीवर एक कागद लावा: औषधांच्या वेळा, त्याला कुठल्या आवाजांचा त्रास होतो, मागून हात लावायचा नाही, कुठलं गाणं लावलं की तो शांत होतो.

मी नोकरी करते. चालतं का?

बाहेर नोकरी करायला बंदी नाही, पण त्याला लागणारी काळजी तुमच्याकडूनच मिळते आहे हे दिसलं पाहिजे. नोकरीतून रजा हवी असेल तर एफएमएलए कायद्यात सैनिकांच्या केअरगिव्हरसाठी १२ महिन्यांच्या काळात २६ आठवड्यांपर्यंत बिनपगारी रजा आहे. पती-पत्नी, आई-वडील, मुलं आणि सर्वांत जवळचा रक्ताचा नातेवाईक यांना ती मिळते. माजी सैनिकाचा डिस्चार्ज मागच्या पाच वर्षांतला असावा लागतो, आणि कंपनीचा आकार, तुमची नोकरीतली वर्षं यांच्या अटी आहेत.

नवरा सही करायलाच तयार नाही. म्हणतो मला कुणाची गरज नाही.

सही त्याचीही लागते, त्यामुळे त्याला वळसा घालून जाता येत नाही. भांडून तर अजिबात नाही. माझ्या नवऱ्याला "तुला मदत हवी आहे" हे वाक्य सहन व्हायचं नाही. पण मी जेव्हा म्हणाले, "मला मदत हवी आहे आणि ती तुझ्या सहीशिवाय मिळत नाही," तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला आणि मग पेन मागितलं. शक्य असेल तर त्याच्यासोबत काम केलेल्या, त्याच वाटेने गेलेल्या एखाद्या मित्राशी त्याचं बोलणं घडवून आणा. बायकोचं ऐकण्यापेक्षा सोबत्याचं ऐकणं त्यांना सोपं जातं. आणि तो नाही म्हणाला तरी पीजीसीएसएसच्या टीमशी तुम्ही स्वतः बोलून ठेवा.

त्याच्या बोलण्यात जिवाचं काही बरंवाईट करण्याचे विचार येतात. काय करू?

हे वाचणं थांबवा आणि ९८८ लावा, मग १ दाबा. व्हेटरन्स क्रायसिस लाइन चोवीस तास चालू असते, ८३८२५५ वर मेसेजही करता येतो. फोन त्यानेच केला पाहिजे असं नाही, तुम्हीही करू शकता. घरात बंदूक असेल तर ती आणि गोळ्या वेगवेगळ्या ठिकाणी कुलपात ठेवा. बंदुकीचं केबल लॉक व्हीए फुकट देतं. जास्तीची औषधं घरात साठू देऊ नका. आणि तुमच्या स्वतःच्या मनात असे विचार येत असतील तर तोच नंबर तुमच्यासाठीही आहे.

एकदा मंजूर झालं की कायमचं का?

नाही. टीम ठरावीक अंतराने संपर्क ठेवते, घरी येते, आणि गरजेची पुनर्तपासणी होते. म्हणून वही बंद करू नका, आठवड्यातून एक पान तरी लिहा. माजी सैनिकाचं निधन झालं तर केअरगिव्हरचे लाभ पुढचे ९० दिवस चालू राहतात आणि दुःखातून सावरण्यासाठी समुपदेशन मिळतं. हा नियम आधी वाचायला मन धजत नाही, पण माहीत असावा.

आम्ही भारतात परत गेलो तर?

पीसीएएफसी फक्त अमेरिकेत, म्हणजे तिथली राज्यं आणि प्रदेश यांत राहणाऱ्यांसाठी आहे. कायमचं परतलात तर ती थांबेल. त्याची अपंगत्वाची भरपाई मात्र परदेशातही मिळते, आणि सेवेशी निगडित दुखण्याचा परदेशातला उपचारखर्च फॉरेन मेडिकल प्रोग्रॅममधून मागता येतो. त्यासाठी निघण्याआधी नोंदणी करून ठेवा. थोड्या दिवसांसाठी जाणार असाल तरी टीमला कळवून जा.

सुरुवात कुठून करू? फोनवर काय बोलू?

केअरगिव्हर सपोर्ट लाइन: ८५५-२६०-३२७४. त्याच्या नावाची आणि व्हीएच्या नोंदणीची माहिती हाताशी ठेवा आणि एवढंच म्हणा: "मी एका माजी सैनिकाची घरी काळजी घेते. माझ्या भागातल्या केअरगिव्हर सपोर्ट टीमशी मला जोडून द्या." पुढचे प्रश्न तेच विचारतील. समोरच्याचं नाव आणि तारीख लिहून घ्या. तीच तुमच्या वहीतली पहिली नोंद.